डोंबिवली ते रत्नागिरी: बदलीवर आलो आणि इथेच घर केलं

ओळखीतलं कुणी ना कुणी सारखं विचारत असतं, अगं रत्नागिरीत खरंच जमतं का राहायला, कंटाळा नाही का येत, पोरीच्या शाळेचं काय, दवाखान्याचं काय, नेट चालतं का, तर प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. लांबलंय बरंच, पण ज्यांच्या डोक्यात मोठं शहर सोडून समुद्राजवळच्या एखाद्या मध्यम शहरात जायचं घोळतंय त्यांना उपयोग होईल.

आम्ही डोंबिवलीचे. नवरा बँकेत, २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याची रत्नागिरीला बदलीची ऑर्डर आली. माझं काम अकाउंट्सचं, काही छोट्या फर्म्सचे हिशोब आणि जीएसटी रिटर्न्स, लॉकडाऊनपासून सगळं घरूनच चाललेलं. मुलगी चौथीत जायची होती, आणि सोबत सासूबाई. सगळ्या नातेवाइकांचं म्हणणं एकच, त्याने एकट्याने जावं, एक खोली घेऊन राहावं, तुम्ही कशाला घर हलवता, बदली काय आज आहे उद्या परत मुंबईकडे होईल. मला मात्र मनापासून जायचं होतं. वर्षानुवर्षं सकाळची ठाणे लोकल पकडलीये मी, फूटबोर्डवर एक पाय ठेवून गेलेय, आणि लॉकडाऊननंतर घरून काम सुरू झालं तेव्हा कळलं की प्रवास गेला तरी शहर काही आपल्याला वेळ देत नाही, भाजी आणायची तर गर्दी, बागेत जायचं तर गर्दी, रविवारी संध्याकाळी फडके रोडवर चालायला जागा नाही. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती आणि रत्नागिरी नगरपरिषदेची ७६ हजारांच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि मी नवऱ्याला म्हटलं, आपण सगळेच जातोय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण ह्याच्यावर बाकी सगळं उभं आहे. रत्नागिरी म्हणजे गाव नव्हे आणि टुरिस्ट स्पॉटही नव्हे, हे जिल्ह्याचं ठिकाण आहे. कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल, १९४५ पासूनचं गोगटे-जोगळेकर कॉलेज, मिरजोळ्याची एमआयडीसी, मिरकरवाड्याचं बंदर. म्हणजे वर्षभर इथे लोक आपापल्या कामाला जातात, पर्यटक आले काय नि गेले काय, बाजार चालूच असतो. समुद्राकाठच्या एखाद्या छोट्या गावात चार दिवस छान जातात पण झेरॉक्स काढायची तर तालुक्याला जावं लागतं, आणि मोठ्या शहरात समुद्र असला तरी तिथे पोहोचायला अर्धा दिवस मोडतो. इथे झेरॉक्सही दहा मिनिटांवर आणि समुद्रही दहा मिनिटांवर, आणि मला वाटतं मध्यम आकाराच्या किनारपट्टीवरच्या शहराचं सगळं सुख ह्यात आहे.

घर बघायला आम्ही मे महिन्याच्या सुरुवातीला आलो. ट्रेनने या, खरंच सांगते, कोकण रेल्वेने रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब, आत बराच वेळ अंधार आणि मग एकदम उजेड आणि हिरवं. घरं बघताना हे लक्षात आलं की शहराचे सरळ दोन भाग आहेत. खाली समुद्राच्या बाजूला जुनी रत्नागिरी, टिळक आळी, खालची आळी, राम आळी, गोखले नाका, कौलारू घरं, मागे विहीर, पुढे अंगण. आणि वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, नवी वस्ती, मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, नाचणे रोड, पुढे कुवारबावपर्यंत बिल्डिंगा. मला खाली जुन्या आळीत राहायची हौस होती पण सासूबाईंचे गुडघे आणि नवऱ्याची बँक बघून आम्ही वर माळनाक्याजवळ एका दुमजली घराचा वरचा मजला घेतला. खाली मालक काका-काकू. काका शाळेतून रिटायर झालेले. आम्ही अजून गॅलरीत उभे राहून हवा बघत होतो तर काका म्हणाले, "ताई, हवा सगळीकडे छानच असते हो मेमध्ये, पाऊस कुठून मारतो ते विचारा." मग त्यांनी हात करून दाखवलं, पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या भिंतीला खिडकी एकच आहे आणि वर शेड काढलीय, झोपायच्या खोल्या पूर्वेला आहेत, म्हणून कपडे आणि गाद्या कोरड्या राहतील. डोंबिवलीत घर घेताना आम्ही स्टेशन किती लांब आणि पाणी किती वाजता एवढं विचारायचो. ही नवीन प्रश्नपत्रिका होती आणि काकांनी तिची उत्तरंही तिथल्या तिथे देऊन टाकली.

भाडं म्हणाल तर डोंबिवलीत वन बीएचकेला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात दोन बेडरूम, मोठं स्वयंपाकघर आणि गच्ची. करार रजिस्टर केला, ऑनलाइन होतो, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन गेला, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली, गॅसचं ट्रान्सफर केलं. शाळेसाठी जुन्या शाळेतून दाखला काढला, इथे सेमी इंग्रजीला अॅडमिशन मिळाली, डोनेशनचा विषयही निघाला नाही. शाळा घरापासून चालत जाता येईल एवढी. पहिले काही दिवस मी सोडायला जायचे, नंतर शेजारच्या दोन मुलींबरोबर ती आपली आपण जायला लागली. चौथीतली मुलगी मोठ्या माणसाशिवाय चालत शाळेत जाते हे डोंबिवलीत कुणाला सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. इथे रस्त्यातला प्रत्येक दुकानदार तिला ओळखतो, आणि ती उड्या मारत गेली की रडत गेली हे मला घरी बसून कळतं.

नेटचं सगळ्यात जास्त विचारतात म्हणून सांगते. फायबर आहे, स्पीड चांगला आहे, माझं काम कधी अडलेलं नाही, पण त्यासाठी मी तयारी ठेवलीय. माझ्या कामात दर महिन्याची ११ तारीख आणि २० तारीख पवित्र, एक जीएसटीआर-१ ची, दुसरी ३बी ची, म्हणजे ही रिटर्न्स भरायच्या शेवटच्या तारखा, आणि जुलैची ११ तारीख म्हणजे बाहेर वारा घोंघावतोय, झाड पडून लाईट गेलेत, आणि क्लायंट फोनवर विचारतोय मॅडम भरलं का. म्हणून फायबरचं कनेक्शन एक, वेगळ्या कंपनीचं मोबाइलचं एक, आणि चांगल्या बॅटरीचा इन्व्हर्टर. आणि शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही, ही सवय मला इथल्या पावसाने लावली, क्लायंट खूश आहेत.

मेच्या शेवटी सामान आलं, हायवेचं काम जागोजाग चालू होतं त्यामुळे ट्रक उशिरा पोचला, पण काचेचं कपाटसुद्धा धड आलं. आणि आल्या आल्या काकूंनी मला हाताला धरून बाजारात नेलं, आगोटीची खरेदी करायला. पावसाळ्याचे चार महिने काढायचे म्हणून सुके बोंबील, सोडे, जवळा, सुका बांगडा, वर्षाची मिरची-मसाला, पापड, फेण्या, कोकम, सगळं मेमध्येच भरून ठेवायचं. त्याचं कारण अगदी साधं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, यांत्रिक बोटी सगळ्या बंदरात ओढून ठेवतात, माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्या दिवसांत ताजं मिळतं ते खाडीतलं, थोडं आणि महाग. डोंबिवलीत वर्षभर बर्फातली सुरमई मिळायची, त्यामुळे माशाला सीझन असतो हेच आम्हाला फक्त ऐकून माहीत होतं.

समुद्राशी खरी ओळख काकांनी करून दिली. आम्ही आपले संध्याकाळी मांडवीला जायचो, जेट्टीवर बसायचो, भेळ खायची, सूर्य बुडाला की घरी. एक दिवस मुलीने विचारलं, काल इथे पाणी होतं आज का नाहीये. काकांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं आणि तिला मांडीशी घेऊन बसले. आज तिथी काय, अष्टमी. आठ त्रिक किती, चोवीस. त्याला चारने भाग, सहा. म्हणजे आज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, झालं. पौर्णिमा झाली की परत एकपासून. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, चंद्र उशिरा उगवतो ना तशी, म्हणून ते पाऊणपट. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरून करा, सव्वाअकरा येतात, तेव्हा उधाणाची भरती, पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास दोन्ही बेताचं. काकांनी सांगितलं हा अंदाज आहे, थोडा इकडेतिकडे होतो, मच्छीमाराला ह्याहून बारीक कळतं. मुलीला हे इतकं आवडलं की आठवडाभर ती सगळ्यांना तिथी विचारत सुटली, आणि तिचं तीनचं नि चारचं कोष्टक पक्कं झालं ते झालंच.

ह्या हिशोबाचा उपयोग रोज होतो. भाट्याच्या बीचवर चालायला जायचं तर ओहोटीला, तेव्हा ओली वाळू घट्ट असते, सुरूच्या बनापासून लांबच्या लांब चालता येतं. काजळी नदी तिथेच समुद्राला मिळते, पाणी ओसरलं की खाडीच्या चिखलात बायका मुळे, म्हणजे खायचे शिंपले, काढायला उतरलेल्या दिसतात, कंबरेत वाकून, टोपली शेजारी. तेच पाणी चढत-उतरत असताना खाडीच्या तोंडाशी ओढ इतकी असते की पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. आमच्याकडे पाहुणे आले की मी आधी कालनिर्णय बघते आणि मग सांगते कधी जायचं, आणि जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालायचा नाही म्हणजे नाही, मग कुणाला राग आला तरी चालेल. दरवर्षी ह्या किनाऱ्यावर बाहेरून आलेली तरणी पोरं बुडतात, मला ते वाचवत नाही.

पावसाचं खरं खरं सांगते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जून-जुलैत सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, चपलांना बुरशी, पुस्तकांना वास, कपाटात बारीक बल्ब लावून ठेवावा लागतो. सासूबाईंना पहिला जुलै जड गेला, त्या सारख्या म्हणायच्या की भिंतीसुद्धा घामाघूम झाल्यात. त्यात खारी हवा. लोखंडाचं काही टिकत नाही, खिडकीचे गज, बाइकची चेन, गॅलरीतली वॉशिंग मशीन, सगळं लालेलाल होतं. इलेक्ट्रिशियनने सांगितलेलं मी पाळते, एसीचं बाहेरचं युनिट उन्हाळ्यात महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवायचं, बिजागऱ्यांना ग्रीस, आणि नवीन काही घेताना अॅल्युमिनियम किंवा चांगलं स्टील, स्वस्तातलं लोखंड नाही. हे सगळं खर्चात धरायचं. आणि एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते हे बाहेरच्यांना पटत नाही. जांभ्या दगडाचा सडा, त्यात पाणी थांबतच नाही, सरळ समुद्राला. शहराला शीळच्या धरणातून पाणी येतं, उन्हाळ्यात ते जपून सोडतात, त्यामुळे घराला विहीर किंवा मोठी टाकी आहे का हे बघितल्याशिवाय राहू नका.

समुद्र रागावला की काय करतो तेही इथे राहून कळतं. आम्ही आलो तेव्हा मिऱ्याच्या किनाऱ्याला बसरा स्टार नावाचं जहाज अडकलेलं होतं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात भरकटून आलेलं, अख्खं जहाज घरांच्या समोर. मुलांना त्याचं आकर्षण, पण मिऱ्याच्या लोकांसाठी ती काही गंमत नव्हती, तिथे दर पावसाळ्यात उधाणाला लाटा बंधाऱ्यावरून आत येतात, माड पडतात, जमीन खाल्ली जाते. मोठा धूपप्रतिबंधक बंधारा बांधायला घेतलाय. समुद्राजवळ राहायचं म्हणजे समुद्रापासून नक्की किती लांब राहायचं हा प्रश्न आहे, आणि सड्यावर वस्ती का वाढली त्याचं उत्तर मिऱ्याला एक चक्कर मारली की मिळतं.

पण मग ऑगस्ट येतो! १ ऑगस्टला बंदी उठते, तरी हवा बघून हळूहळू बोटी जायला लागतात, नारळी पौर्णिमेला मिरकरवाड्यात काय रंग असतो, बोटी रंगवलेल्या, पताका, नारळ. मी पहिल्यांदा पहाटे काकूंबरोबर बंदरावर गेले ते विसरणार नाही. बोटी लागतायत, डोक्यावर टोपल्या, बर्फाच्या गाड्या, लिलाव इतक्या भरभर चाललेला की कोण किती बोललं ते कळत नाही, पायाखाली सगळं पाणी, आणि बांगड्याचा ढीग, निळा-हिरवा, अजून अंग थरथरतंय असा ताजा. मी भाव विचारला तर तिथल्या मावशी म्हणाल्या, "बाय, आधी कल्ला उघडून बघ, भाव मागनं विचार." मग त्यांनीच शिकवलं. कल्ला लालबुंद हवा, तपकिरी झाला की शिळा. डोळा वर आलेला, चकचकीत, आत बसलेला नको. अंगावर बोट दाबून बघ, खड्डा लगेच भरून आला पाहिजे. आणि वास समुद्राचा आला पाहिजे, माशाचा नको. हे शेवटचं मला फार आवडलं. तेव्हापासून मी त्यांच्याकडेच घेते, आता मार्केटला गेले की त्या लांबूनच मानेने सांगतात, आज घेऊ नको, किंवा आज सौंदाळे बघ. सौंदाळे, मांदेली, ढोमा, असले छोटे मासे मुंबईकडे फारसे कुणी विचारत नाही, सगळे पापलेट-सुरमईच्या मागे, आणि इथे रोजच्या जेवणात ह्यांचाच मान. मावशी कधीमधी गाऱ्हाणंही सांगतात, पूर्वीसारखा मासा राहिला नाही, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी सगळं ओढून नेलं. पर्ससीनला राज्याने २०१६ पासून मुदत आणि मर्यादा घालून दिल्यात, तरी दोन्हीकडच्या मच्छीमारांची भांडणं चालूच असतात. मी बाहेरची, कुणाची बाजू घेणार, पण छोट्या बोटीवाल्याचं पोट रोजच्या जाळ्यावर असतं हे डोळ्यांनी दिसतं.

आता दवाखाना. सासूबाईंचं वय बघता हीच माझी मोठी काळजी होती. रोजच्या आजारपणाला, हाडांना, डोळ्यांना, बाळंतपणाला इथे चांगले डॉक्टर आहेत आणि ते भेटतात, म्हणजे अपॉइंटमेंटसाठी तीन आठवडे थांबावं लागत नाही, फोन करून संध्याकाळी जाता येतं. २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालंय. पण हृदयाचं, मेंदूचं, कॅन्सरचं काही मोठं निघालं तर लोक अजूनही कोल्हापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठतात. कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. सासूबाईंच्या हृदयाच्या तपासण्यांना आम्ही तिथेच जातो, पावसाळ्यात घाटाची बातमी बघून निघतो. ज्यांच्या घरी गंभीर आजारी माणूस आहे त्यांनी ह्याचा विचार आधी करावा, मी कुणाला उगाच या म्हणणार नाही.

आणि तरीही सासूबाईच सगळ्यात आधी इथल्या झाल्या. त्याचं श्रेय वाचनालयाला. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं आहे, दोनशे वर्षं होत आली त्याला. टिळकांचा जन्म १८५६ चा, म्हणजे टिळक जन्मायच्या आधी अठ्ठावीस वर्षं ह्या गावात लोक पुस्तकं बदलून नेत होते! सासूबाईंनी मेंबरशिप घेतली, तिथे त्यांना दोन मैत्रिणी मिळाल्या, मग त्यांच्याबरोबर पतितपावन मंदिर, कीर्तनं, हळदीकुंकू, आणि आता त्या घरी सापडतच नाहीत. सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं लागतात, तिकीट अगदी माफक, आणि स्टेजवर कोण, तर आमचा मेडिकलवाला आणि मुलीच्या शाळेतल्या मॅडम. खल्वायन संस्थेची संगीत नाटकं होतात. हिवाळ्यात थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव असतो, ब्रह्मदेशाच्या ज्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पकडून इतक्या लांब आणून ठेवलं आणि जो १९१६ मध्ये इथेच गेला, त्याच्या वाड्यासमोर रात्री थंडीत शाल घेऊन बसायचं आणि गाणं ऐकायचं. मोठ्या शहरात कार्यक्रम पुष्कळ असतात हो, पण आम्ही किती बघायचो? डोंबिवलीहून दादरला नाटकाला जायचं म्हणजे परतीच्या ट्रेनचं टेन्शन तिसऱ्या अंकापासून. इथे नाटक संपल्यावर दहा मिनिटांत घरी येऊन आम्ही त्याच्यावर भांडतो.

शिमग्याला ग्रामदैवत भैरीची पालखी निघते, ते बघायलाच पाहिजे, शब्दांत सांगून उपयोग नाही.

सगळ्यात मोठा फरक मात्र एकदम साधा. नवरा दुपारी घरी जेवायला यायला लागला. लग्न झाल्यापासून आठवड्याच्या मधल्या दिवशी आम्ही दुपारी एकत्र जेवलेलोच नव्हतो. तो यायचा, गरम भात, बांगड्याची आमटी, पंधरा मिनिटं पडायचा आणि परत जायचा. संध्याकाळी सहाला घरी. सहानंतर एवढा मोठा दिवस शिल्लक असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, तो पोहायला लागला, मुलगी तबला शिकायला लागली, मी काही न करता नुसती भाट्याला जाऊन बसायला लागले. रविवारी कधी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत, डाव्या हाताला सगळा समुद्र, कधी उक्षीला सड्यावर कोरलेला तो मोठा हत्ती बघायला. पावसाळा संपता संपता सड्यावर बारीक फुलं येतात, दगडावर नुसता निळा-पिवळा सडा पडलेला.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. इथल्या मुलांना नोकऱ्या नाहीत, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं की पोरं पुण्या-मुंबईला, आमच्या आळीत अर्ध्या घरांतून फक्त म्हातारी माणसं आणि गणपतीला भरणारी घरं. काका-काकूंचाही मुलगा पुण्याला. आम्ही बाहेरून पगार घेऊन आलो म्हणून आम्हाला हे शहर सुखाचं वाटतं, हे मी कायम लक्षात ठेवते. आणि सगळे सगळ्यांना ओळखतात त्याचा काहींना जाच होईल, तुमच्याकडे कोण आलं, किती दिवस राहिलं, कुठली गाडी घेतली, सगळ्यांना ठाऊक. मला त्याचा त्रास होत नाही, आजारी पडले तेव्हा न सांगता डबा आला त्याच माणसांकडून.

मग व्हायचं तेच झालं, नवऱ्याची परत बदली निघाली, चिपळूणला. रात्री सगळे बसलो, सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं की मी वाचनालय सोडणार नाही. मुलगी म्हणाली मी शाळा सोडणार नाही. मी काहीच म्हटलं नाही कारण माझं काय ते सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ठरलं की तो सोमवारी सकाळच्या गाडीने जाईल, तिथे खोली घेईल, आणि शनिवारी परत येईल. दुपारचं जेवण गेलं, त्याचं मला वाईट वाटतं अजून. पण परत डोंबिवली हा विषयच कुणी काढला नाही. डोंबिवलीतला फ्लॅट विकला आणि इथे घ्यायचं ठरवलं.

घर विकत घेताना जे तपासलं ते सांगते. पहिलं, जागा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे की ग्रामपंचायतीच्या, कारण नाचणे, मिरजोळे, कुवारबाव, शिरगाव हे सगळं दिसायला एकच शहर आहे पण ग्रामपंचायती वेगळ्या, पाणी वेगळं, घरपट्टी वेगळी. दुसरं, जमीन बिनशेती झालीय का, आणि प्रोजेक्टचा महारेरा नंबर. तिसरं, समुद्राजवळ किंवा खाडीजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा. समुद्राकाठी भरतीरेषेपासून आत जमिनीकडे पाचशे मीटरपर्यंत त्याचे नियम लागतात, आणि "सी व्ह्यू" म्हणून जाहिरात केलेली काही घरं नेमकी त्या पट्ट्यात असतात, परवानगीचा कागद हातात घेऊन वकिलाला दाखवा. चौथं, पाणी, ते वर लिहिलंच. आम्ही फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला, बाईच्या नावावर घर घेतलं की महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते, एप्रिल २०२१ पासून आहे ही सोय, बऱ्याच जणांना माहीत नसते. समुद्र दिसत नाही आमच्या घरातून. गच्चीवर गेलं की एक पट्टी दिसते, तेवढी पुरते.

तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी आधी भाड्याने राहून एक पूर्ण पावसाळा काढा, मग विकत घ्यायचं बघा. आणि घर बघायला मेमध्ये आंबे खायला म्हणून येऊ नका, जुलैत या, जोराचा पाऊस चालू असताना घरात उभे राहा, नैर्ऋत्येच्या भिंतीला हात लावून बघा आणि खालच्या मजल्यावरच्यांना गळतीचं विचारा. वंदे भारत २०२३ पासून रत्नागिरीला थांबते, जनशताब्दी, मांडवी, कोकणकन्या आहेतच, फक्त पावसाळ्यात गाड्यांचं टाइमटेबल वेगळं असतं ते बघून तिकीट काढा, आणि स्टेशन शहरापासून लांब आहे, रिक्षात बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.